जीपमधली बाई

पोरींनो, ते मोबाईल उलटे ठेवा आणि जवळ सरका. हे मी कुठं वाचलेलं नाही. बेलापूरच्या शाळेत माझ्यासोबत मास्तर होता तो यशया, त्याच्या लेकीबाबत घडलंय. दोन हजार चोवीस, डिसेंबरची सात तारीख, शनिवार. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

शॅरन नर्स. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नुकतीच नेमणूक झालेली. दुसऱ्या दिवशी पोलिओचा रविवार, सकाळी सातला बूथ लावायचा, म्हणून दुपारीच निघाली बिचारी. पण नगरच्या पुढं एसटी पंक्चर झाली आणि श्रीगोंद्यात उतरायला रात्रीचे सव्वानऊ वाजले. पुढं अजून नऊ किलोमीटर. शेवटची गाडी निघून गेलेली, आणि गावात ओळखीचं कुणी नाही.

तिची आई मरिया तिला लहानपणापासून एकच सांगत आलेली : वडापच्या जीपमध्ये आधी एखादी बाई बसलेली दिसली, तरच पाय ठेवायचा. आपल्याकडच्या सगळ्याच आया हे सांगतात, तुमचीही सांगते. शॅरननं दोन जीपा सोडल्या. तिसरी आली. पुढं ड्रायव्हर एकटाच, पण मागं खिडकीशी एक बाई, डोक्यावरून पदर घेतलेली. शॅरनचा जीव भांड्यात पडला. तिनं नंबरप्लेटचा फोटो बापाला पाठवला आणि बाईशेजारी जाऊन बसली.

"कुठं जायाचं ताई?"

शॅरननं गाव सांगितलं.

"चला की. तिकडंच निघालोय. आज एक बी शीट न्हाई मिळालं बघा."

शॅरनला वाटलं, बाई त्याच्या घरातलीच असणार, म्हणून मोजली नसेल. आपण माणसं अशीच, पटेल तो अर्थ लावून मोकळी होतो.

"मावशी, तुम्ही कुठल्या?" तिनं हळूच विचारलं.

बाई खिडकीबाहेरच बघत राहिली. पुढून ड्रायव्हरच म्हणाला, "फोन चाललाय व्हय? चालू द्या, चालू द्या."

चार-पाच किलोमीटर गेले असतील. फोनची रेंज गेली. आणि जीप डांबरी सोडून डावीकडं पाटाच्या कच्च्या रस्त्याला वळली. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला उभा ऊस.

"दादा, हा रस्ता..."

"जवळचा हाय. म्होरं उसाचे ट्रॅक्टर अडाकल्यात."

सबंध रस्त्यात एकही ट्रॅक्टर दिसला नव्हता. शॅरननं बॅग पोटाशी ओढली. तरी मनाला सांगत राहिली, बाई आहे ना सोबत, बाई आहे. तिनं चाचपडत बाईचा हात धरला. गार होता. बाईनं तिचा हात घट्ट धरला. फार घट्ट.

जीप हळू झाली.

ड्रायव्हरनं दिवे मालवले.

"दादा, थांबवा. आम्हाला उतरायचंय."

"आमाला...? कोन आमाला?"

"मला. आणि या मावशींना."

त्यानं वरच्या आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या तोंडून एक नाव निघालं, अगदी बारीक.

"सुरेखा...? तू तर पाटात..."

ब्रेक लागला. शॅरनच्या बाजूचं दार उघडलं. तिनं हात लावला नव्हता.

ती पळाली. उसाच्या कडेनं, ठेचकाळत, बॅग तिथंच टाकून. मागून हाक नाही... शिवी नाही... गाडीचा आवाजसुद्धा नाही.

पुढं जाळ दिसला. पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, होत्या. चुलीशी बसलेल्या बायडाबाईनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं आणि एक शब्द विचारला नाही. देव तिचं भलं करो, मी सांगतो तुम्हाला, अशा बाया आहेत म्हणून मुलखात फिरता येतं.

"ये लेकी, आत ये," ती म्हणाली. मग शॅरनच्या मागं बघून, "तू बी ये गं. भाईर का हुबी?"

शॅरननं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"मावशी... मी एकटीच आहे."

बायडाबाईनं परत दाराकडं पाहिलं. अंथरायला तिनं दोन पोती काढली होती. दोन्ही अंथरली. एकावर शॅरन प्रार्थना पुटपुटत पडली. दुसरं दाराच्या बाजूला, रिकामं. बायडाबाई चुलीशीच जागत बसली.

लेकीचा फोन लागेना म्हणून यशया जीपचा नंबर घेऊन पोलिसांत गेलेला. शोधत शोधत पहाटे ते पाटावर पोचले, तेव्हा जीप तिथंच उभी होती. आत कुणी नव्हतं.

हाका ऐकून शॅरन उठली आणि तिचं लक्ष शेजारी गेलं. दुसरं पोतं अंथरलेलं नव्हतं. परक्या घरी निजलेली बाई सकाळी आपलं अंथरूण आपणच आवरते ना, तशी त्याची चौघडी घालून दाराशी ठेवलेली होती.

बायडाबाईनं ती उचलली, आणि कोपीभर पाणी गळलं.