पोचेचा फोटो

नेत्रबिंब प्रयोगशाळेच्या भिंतीवर खरमोर पक्ष्याचा एकच डोळा होता, दारापेक्षा उंच. त्याच्या बाहुलीभोवतीचे पिवळसर कडे पाहताना इंदुमती गावंडे यांना वाटले की एवढा मोठा करून दाखवला की कुठलाही डोळा थोडा रागावलेलाच दिसतो.

वाशीमहून नागपूरला येताना त्यांनी नवऱ्याच्या शेवटच्या सकाळचे सगळे फोटो आणले होते, निवडलेले आणि टाकलेलेही. टाकलेले आणणे त्यांच्या जिवावर आले होते. केराने भरलेले सूप घेऊन पाहुण्यांसमोर यावे तसे ते होते. पण रानडोळा या फोटोस्पर्धेचा यंदाचा नियमच तसा होता.

"काकू, टाकलेले फोटो आम्हाला जास्त उपयोगी पडतात," डॉ. चारुलता ओगले म्हणाल्या. प्रयोगशाळा त्यांची, आणि नेत्रबिंब हा शब्दही त्यांचाच. "पक्ष्याचा डोळा म्हणजे ओला, फुगीर आरसा. स्टीलच्या चमच्याच्या पाठीत आपलं तोंड दिसतं, तसं समोरचं सगळं त्यात उमटलेलं असतं."

"पण एका फोटोत ते केवढं? मोहरीएवढंही नाही," माधव ठोसर मध्येच म्हणाले. ते स्पर्धेचे पक्षीपरीक्षक. "त्यातून माणूस ओळखायचा कसा?"

"एका फोटोतून नाहीच ओळखता येत. नुसते ठिपके आणि रंग कळतात. पण पक्षी मान हलवतो. दर फोटोत डोळा जरा वेगळ्या कोनात असतो, आणि प्रत्येक फोटो थोडी नवी माहिती देतो. पुष्कळ फोटो एकावर एक बसवले की चित्र उभं राहतं. याला आम्ही बिंबजुळणी म्हणतो. तुम्ही पक्ष्याला कसं पाहिलं ते तुमचा फोटो सांगतो, पक्ष्यानं तुम्हाला कसं पाहिलं ते आम्ही सांगतो."

या चाचणीची गरज का पडली हे सगळ्यांनाच ठाऊक होते. यंत्राने रचलेली कृतचित्रे खऱ्या फोटोंत बेमालूम मिसळू लागली होती. शिवाय मादीचा ध्वनिमुद्रित आवाज लावून नर पक्ष्याला जवळ ओढणारे महाभाग गवतागणिक उगवले होते. माणूस खोटे बोलू शकतो, पक्ष्याचा डोळा नाही. म्हणून यंदापासून दोन अटी होत्या. पक्ष्याला बोलावलेले नसावे, आणि फोटो माणसाच्या हाताने काढलेला असावा, आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याने नव्हे.

गेल्या वर्षी ही चाचणी असती तर वामन गावंडे यांचे नाव खराब झाले नसते. ते शाळेत चित्रकला शिकवत आणि निवृत्त झाल्यावर गवताळ रानातच राहायला गेल्यासारखे वागत. त्यांचा खरमोराचा फोटो पाहून ठोसरांनी शेरा मारला होता की बोलावल्याशिवाय हा पक्षी इतक्या जवळ येत नाही. तो शेरा निकालाच्या आधी वाशीमला पोचला. चांगल्या बातमीला पाय फुटायला वेळ लागतो, असल्या बातमीला पंखच असतात. गावंडे सर कुणाशी भांडले नाहीत. फक्त पक्षीमित्रांच्या बैठकीला जायचे बंद झाले, आणि जेवताना त्यांची नजर ताटातच राहू लागली. नेत्रबिंबाच्या चाचणीची घोषणा वाचली तेव्हा मात्र ते बायकोला म्हणाले होते, "आता खरमोरच साक्ष देईल, इंदू."

पुढच्याच श्रावणात, उघडिपीच्या एका दिवशी, ते गवतात मरून पडलेले सापडले. हृदय क्षणात बंद पडले, त्यांना कळलेसुद्धा नसेल, असे डॉक्टरांनी सांगितले. इंदुमतीबाई तेव्हापासून ते वाक्य उशाला घेऊन झोपत होत्या.

त्यांच्या घरची रीत जगावेगळी होती. टिपणारे ते आणि निवडणाऱ्या या. सरांच्या हातात तारेने कॅमेऱ्याला जोडलेला दूरखटका असे. तो दाबला की फोटो निघे आणि त्याच क्षणी घरच्या पडद्यावर येऊन पडे. इंदुमतीबाई स्वयंपाक करता करता पाहत आणि नको तो बाजूला टाकत. हवा तो सापडला की त्यावर बोट ठेवत, आणि तिकडे रानात खटक्यावरचा हिरवा दिवा लागे. मग सर नेम न धरता आणखी एक फोटो काढत. ती पोच. दिवा दिसला, तुझी निवड कळली, एवढाच तिचा अर्थ. रानात फोन वाजला तर पक्षी उडतो, म्हणून सगळा संसार असा दिव्यावर आणि खटक्यावर चाले. पोचेचे फोटो कधी नुसत्या मातीचे असत, कधी बुटाचे. इंदुमतीबाई ते लगेच टाकून देत.

आता त्यांच्यासमोर दोन फोटो होते. एकात खरमोर गवतावर उंच उडी मारताना हवेत थांबल्यासारखा दिसत होता. तो जुना होता आणि लांबून काढलेला होता. दुसरा त्या शेवटच्या सकाळचा. पक्षी हाताच्या अंतरावर उभा, काळ्या गळ्यावर दव, मान जराशी कललेली.

ठोसरांनी उडीच्या फोटोची शिफारस केली. ते बोलताना वहिनी म्हणत होते आणि नजर चुकवत होते. उडी सगळ्यांना आवडते, लांबून काढलेल्यावर कुणी शंकाही घेणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इंदुमतीबाईंनी ते ऐकून घेतले.

"उडी सगळ्यांजवळ असते," त्या म्हणाल्या. "आपण तिथं आहोत हे पक्ष्याला माहीतच नाही, असा फोटो मी निवडते. हा पाहा, याला कोणाचं भय नाही. हाच तपासा."

ओगलेबाईंनी जुळणी सुरू केली. भिंतीवरच्या डोळ्यात आधी नुसता धूसर उजेड होता. हळूहळू वरच्या बाजूला आकाश वेगळे झाले, खाली गवत आले, मग तीन पायांच्या आखूड तिकाटण्यावरचा कॅमेरा. ठोसर खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांनी गवताचा कोपरान् कोपरा पाहिला. कुठेही कर्णा नव्हता, पेटी नव्हती, तार फक्त कॅमेऱ्याची होती. पक्ष्याला कुणी बोलावले नव्हते.

कॅमेऱ्यामागे जमिनीलगत एक लांबट आकार उमटू लागला.

ठोसरांचा चेहरा उजळला. सर आडवे पडून राहिले होते तर. तासभर न हलता पडून राहिले तर खरमोर जवळ येईलही, हे आपल्याला गेल्या वर्षीच सुचायला हवे होते, असे ते म्हणाले. त्यांना मनापासून बरे वाटलेले दिसत होते.

"हे आडवे नाही पडत कधी," इंदुमतीबाई म्हणाल्या. "गुडघ्यामुळं खाली बसवतच नव्हतं त्यांना. स्टूल न्यायचे."

स्टूलही दिसले. ते कलंडलेले होते.

ओगलेबाईंनी जुळणी थांबवली. पहिली अट पूर्ण झाली आहे, दुसरी आज तपासायलाच हवी असे नाही, काकूंनी थोडे पाणी प्यावे, असे त्या म्हणाल्या. पण इंदुमतीबाईंच्या ध्यानात ठोसरांच्या आधीच सगळे आले होते. वामनराव क्षणात गेले असतील तर हा फोटो कॅमेऱ्याने आपोआप काढलेला, म्हणजे बाद. कलंक तसाच राहणार. आणि फोटो त्यांच्या हातचा असेल तर ते क्षणात गेलेले नाहीत. दोन्ही गोष्टी मिळणार नव्हत्या. इंदुमतीबाईंना दोन्ही हव्या होत्या, आणि अशा वेळी माणूस देवावर चिडतो तशा त्या त्या यंत्रावर चिडल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "त्यांचं नाव आहे हे. बघा."

चित्र स्पष्ट झाले. वामनराव उजव्या कुशीवर पडले होते. उजवा हात अंगाखाली गेला होता, आणि फोनचा खिसाही त्याच बाजूला. डावा हात छातीशी होता आणि त्यात दूरखटका होता. ओगलेबाईंनी फोटोंचे दोन गट करून दोन चित्रे शेजारी लावली. एकात अंगठा खटका दाबून नुकताच उचलू लागलेला होता, दुसऱ्यात दाबलेला. डोळे दोन्हींत उघडे होते.

ठोसर उठून उभे राहिले. "वहिनी, माझी चूक झाली. सर खरे होते. मी हे सगळ्यांसमोर सांगेन."

या वाक्यासाठी इंदुमतीबाई नागपूरला आल्या होत्या. ते आले, पण त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांनी ओगलेबाईंना सगळे फोटो आले त्या क्रमाने लावायला सांगितले, टाकलेल्यांसकट.

पहिले फोटो रिकाम्या गवताचे होते. पुढचेही गवताचेच. तेच पाते, तेच दव, एकामागून एक.

"यात पक्षी नाही," ठोसर हळूच म्हणाले. "मग कशाचे काढत होते?"

इंदुमतीबाईंना ती सकाळ आठवली. त्या बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. पडद्यावर गवत येऊन पडत होते आणि त्या एकेक बाजूला टाकत होत्या. रिकामे गवत सर कधी पाठवत नसत. म्हातारपणी धीर सुटला वाटतं, असे त्या स्वतःशी पुटपुटल्याही होत्या आणि थोड्या हसल्याही होत्या.

"हे फोटो नव्हते काढून राहिले," त्या म्हणाल्या. "हे मला हाक मारून राहिले होते. फोन अंगाखाली. माझ्यापर्यंत पोचेल असं तेवढंच होतं त्यांच्या हातात."

पडद्यावर गवत संपले आणि चौकटीत खरमोर आला, निर्धास्त, कारण तिथे त्याला भ्यावे असे कुणी हलत नव्हते. तो जवळ आला, मान कलवली. हाताच्या अंतरावरचा तो फोटो आला. इंदुमतीबाईंना आठवले की तो पाहून त्यांनी घाईघाईने पदराला हात पुसले होते. पक्षीच साक्ष देईल म्हणाले होते आणि करून दाखवलं, असे वाटून त्यांचा ऊर भरून आला होता. त्यांनी त्यावर बोट ठेवले होते.

त्या फोटोनंतर आणखी एकच फोटो होता. त्यात पक्षी चौकटीच्या कडेला अर्धा कापला गेला होता. तोही त्यांनी नेहमीप्रमाणे टाकला होता.

"याच्या डोळ्यात काय आहे?" त्यांनी विचारले.

ओगलेबाईंनी तो डोळा मोठा केला. एकाच फोटोतले बिंब, त्यामुळे नुसते ठिपके होते. आकाशाचे पांढरे, गवताचे पोपटी, आणि खाली, जिथे आधीच्या चित्रात वामनरावांचा डावा हात होता त्याच्या जरा वर, गडद हिरवा ठळक ठिपका. तो आता छातीशी नव्हता. त्यांनी हात चेहऱ्याजवळ नेला होता.

"चेहऱ्यावर काय आहे त्यांच्या?"

"ते एका फोटोतून नाही कळत, काकू."

"याच्यानंतर?"

"याच्यानंतर काही नाही."

बहुधा तेव्हाच सगळे संपले असावे, म्हणूनच फोटो थांबले असावेत, असे ठोसर म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता.

इंदुमतीबाईंनी मान हलवली. "नाही, भाऊ. ही पोच आहे. हिरवा दिवा लागला. मला कळलं, मी निघाले, असं समजले ते. म्हणून पोच दिली, आणि मग वाट पाहत पडून राहिले. त्यांना दुपारी वनरक्षकानं पाहिलं. मी तोवर स्वयंपाक केला. त्यांच्या आवडीची बरबटीची भाजी."

मग त्या रडल्या. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून, बराच वेळ. ओगलेबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. भिंतीवर तो अर्धा कापलेला पक्षी तसाच उभा होता.

शेवटी ठोसरांनीच विषय काढला. उडीचा फोटो पाठवू या. सरांचे नाव आपण तसेही निर्दोष करू, हा फोटो लोकांनी भिंतीभिंतीवर लावून पाहायची काही गरज नाही. ते खरोखर कळवळून बोलत होते.

"उडीच्या फोटोनं चाचणी झाली असं होत नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या. "त्यांनी साक्ष मिळवली आहे, ती लपवायची कशाला? जवळचाच पाठवा. तो मी तेव्हाच निवडला होता."

ओगलेबाईंनी तो फोटो स्पर्धेसाठी नक्की केला. आता नियमाप्रमाणे एकच काम उरले होते. निवड झाल्यावर टाकलेले फोटो प्रयोगशाळेतून पुसावे लागत, आणि त्यासाठी घरच्यांची संमती लागे. विचारताना त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"टाकलेले पुसून टाकू, काकू?"

इंदुमतीबाईंनी पडद्यावरच्या गवताकडे पाहिले, आणि मग त्या शेवटच्या फोटोकडे.

"यात टाकलेला एकही नाही," त्या म्हणाल्या. "सगळे मला परत द्या."

ओगलेबाईंनी सगळे फोटो आले त्या क्रमाने भरून दिले, आणि संध्याकाळच्या गाडीने इंदुमतीबाई ते घेऊन वाशीमला गेल्या.