पेवातून ओ आली

ही गोष्ट घडलेली आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या, वच्छलामावशीच्या घरी घडलेली. मावशी अजून आहे, आणि मनानं गोष्टी रचण्याइतकी हौस तिला कधीच नव्हती. कुणाला पटणार नसेल तर त्यानं इथंच थांबावं, मला राग नाही.

आणि हो, भूत म्हटलं की लोकांना अमावस्या लागते, पिंपळ लागतो, मध्यरात्र लागते. इथं त्यातलं काही नाही.

भर दुपार होती. चुलीवर तवा तापला होता.

साल छप्पन. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि कार्तिक सरत आला होता. बोरीजवळच्या एका खेड्यात, गावापासून जरा लांब, शेतातच मावशीचं घर होतं. घरात माणसं मोजकी. मावशी, तिचा नवरा आश्रुबा, सासू कडूबाई आणि झोळीतली तान्ही दैवशाला. कामं मात्र वाडीवस्तीला पुरतील एवढी.

सासूसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. भाकरी वाढू का, बैलाला पाणी पाजलं का, एवढंच. त्यातून आश्रुबा आधीच घुम्या. त्याच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे विहिरीतून गाळ काढण्यासारखं.

नाव घ्यायचा तर प्रश्नच नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी हाक एकच.

"आवो."

घरातल्या कोठीतली ज्वारी संपली होती, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी आश्रुबानं शेजारच्या मुंजाजीला हाताशी घेऊन अंगणातलं पेव उघडलं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, पोट मोठं. दाणे भरले की वर काडाचा जाड थर द्यायचा, तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं.

वर्षभर बंद राहिलं की आत वाफ धरते. ती दिसत नाही, तिला वास नाही. उघडल्या उघडल्या उतरलेला माणूस आपल्या पायानं वर येत नाही. म्हणून तोंड उघडं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पेटता कंदील दोरानं खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर मुकाट्यानं थांबायचं.

सकाळी मोटेवर जाताना आश्रुबा म्हणाला, "दुपारच्याला मोट सोडून येतो आन उतरतो. टोपलं वढायला तू घरीच ऱ्हा."

कडूबाई बायकांना घेऊन कापूस वेचायला गेल्या. घरात मावशी आणि झोळीतलं लेकरू.

मावशी भाकरी थापत होती. दाराकडं पाठ होती.

आणि बाहेर...

दोर घासल्याचा आवाज आला.

पेवाच्या तोंडाशी लाकडाची मेढ रोवलेली होती. तिला बांधलेला दोर ताणला गेला की करकर वाजायचा. तोच आवाज. मावशीनं तवा उतरवला, हात पदराला पुसले आणि बाहेर आली.

अंगणात कुणी नव्हतं. बैल नव्हते. जोडे नव्हते.

दोर मात्र पेवात सोडलेला होता. ताठ. आणि तो हलत होता.

मावशीला वाटलं, घाईनं आला आणि सरळ उतरला. जेवायलासुद्धा थांबला नाही. तिला थोडा रागच आला. ती तोंडाशी वाकली. आत काळाकुट्ट अंधार.

"आवो, कवा आले तुमी?"

खालून...

"ओ."

पेवात आवाज घुमतो. कुणाचाही सारखाच येतो. मावशीला शंका यायचं काही कारण नव्हतं.

दोराला हिसका बसला. मावशीनं ओढलं. टोपलं वर आलं, काठोकाठ ज्वारीनं भरलेलं. तिनं ते अंगणात रिकामं केलं आणि परत सोडलं. पुन्हा हिसका, पुन्हा भरलेलं टोपलं. अंगणात रास वाढत चालली.

घरात सासू नव्हती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दिवसाउजेडी नवरा असा एकटा सापडला होता, आणि तोही तोंड न दिसता. मावशीला बोलायला धीर आला.

"आवो, दैवशालाला लय खोकला झालाय. रातभर झोपत न्हाई."

"ओ."

"आवो, संक्रांतीला मला म्हायेराला धाडा की. आयचा पाय सुजलाय म्हनं. आत्याबाईला तुमी सांगा, माजं त्या आईकत न्हाईत."

"ओ."

इतक्या सबुरीनं आश्रुबानं तिचं कधी ऐकलं नव्हतं. दैवशालाच्या आधी मावशीला एक मुलगा झाला होता. बारशाआधीच गेला. त्या दिवशीही आश्रुबा मोटेवर गेला होता, आणि घरात पुन्हा कुणी त्या लेकराचं नाव काढलं नव्हतं. मावशी दोर धरून पेवाच्या काठावर बसली आणि तेही बोलली.

"आवो, मला आजूक त्येचं रडनं आईकू येतं. तुमाला येतं का?"

खालून बराच वेळ काही आलं नाही.

मग... अगदी हळू...

"ओ."

मावशी रडली. पोटभर रडली. नंतर ती मला म्हणाली, त्या घटकेइतकं हलकं मला जिंदगीत कधी वाटलं न्हाई.

तिनं डोळे पुसले. पुन्हा हिसका बसला म्हणून दोर हातात घेतला.

आणि बांधाकडून...

बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

आश्रुबा समोरून येत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर चाबूक. तो अंगणात आला, बायकोकडं बघितलं, ज्वारीच्या राशीकडं बघितलं.

"एकटीच कुनाशी बोलायलीस?"

 दोर तिच्या हातात होता आणि खालून कुणीतरी तो अजून ओढत होतं.

"कोन उतरलंय? मुंजाजी का?"

तिनं ठाऊक नाही अशी मान हलवली.

आश्रुबानं तिच्या हातातून दोर घेतला. तेवढ्यात दोर सैल पडला. त्यानं वर ओढला तर टोपलं रिकामं. तो मुंजाजीच्या नावानं दोन-तीनदा ओरडला. खालून काही आलं नाही. मग त्यानं कंदील पेटवला, दोराला बांधला आणि हळूहळू खाली सोडला.

माणूसभर खोल गेला असेल नसेल...

कंदील विझला.

पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला. आत वाफ होती. त्या वाफेत जिवंत माणूस उभा राहणं शक्य नव्हतं.

 झोळीत दैवशाला खोकत होती.

मुंजाजी आपल्या शेतातच सापडला. गावातलंही कुणी कमी नव्हतं. पुढं दोन दिवसांनी कंदील जळता राहिला तेव्हा आश्रुबा कमरेला दोर बांधून स्वतः उतरला. वर आला तो मातीसारख्या तोंडानं.

"काय दिसलं?" कडूबाईंनी विचारलं.

"काड तसंच हाय," तो म्हणाला. "आपुन अंथरलं होतं तसंच. हात लागलेला न्हाई."

म्हणजे दाण्यांवरचा थर मोडलेला नव्हता. एक दाणा निघालेला नव्हता. आणि अंगणात ज्वारीची रास पडलेली होती.

ती ज्वारी कुणी खाल्ली नाही. कडूबाईंनी ती ओढ्यात सोडायला लावली. पेवातले दाणे काढून घरात कोठीत भरले आणि मुंजाजीनं पेव दगडमातीनं बुजवून टाकलं. रझाकाराच्या दिवसांत दाणे लपवायला उतरलेला कुणी तिथंच राहिला असं गावात काही जण म्हणाले. पण घर आमच्या मावशीचं, पेव तिच्या सासऱ्यानं खणलेलं. तिथं कुणी गेलं असतं तर घरच्यांना खबर नसती का?

वाटलं होतं, इथं संपलं.

चार दिवस गेले असतील. दिवेलागणीला मावशीनं चुलीपासून हाक मारली, "आवो, जेवायला चला."

"आलो," ओसरीवरून आश्रुबा म्हणाला.

आणि त्याच्या मागोमाग... अंगणातून...

"ओ."

मावशीच्या हातातली पळी खाली पडली. आश्रुबा दारात येऊन उभा होता. त्याच्याकडं बघून तिला कळलं, त्यालाही ऐकू आलं होतं. कडूबाई मात्र निवांत माळ ओढत बसल्या होत्या. त्यांच्या कानापर्यंत काही गेलं नव्हतं.

पुढच्या खेपेला ओ गोठ्यातून आली. बैल दावं तोडायला लागले. त्याच्या पुढच्या खेपेला ओसरीच्या खांबामागून. प्रत्येक हाकेला ते थोडं अलीकडं येत होतं.

तेव्हा मावशीला आपली चूक कळली. पेवाच्या तोंडाशी तिनं नाव घेतलं असतं, तर ज्याचं नाव त्यानंच ओ द्यायची. पण ती म्हणाली होती "आवो". ही हाक कुणाचीही. जो ओ देईल त्याची. न बघता, न विचारता, ती कुणालातरी नवऱ्याच्या हाकेनं बोलावून बसली होती, त्याच्यापाशी रडली होती, आणि ते आता त्या हाकेवर हक्क सांगत होतं.

तिनं हाक मारायचंच सोडलं. पण रोजची सवय ती. आश्रुबा बोरीच्या बाजाराला गेला होता त्या दिवशी, मावशी पीठ चाळत होती. ओसरीवर पाय वाजले. तिला वाटलं, आला.

"आवो, गूळ आनला का?"

"ओ."

ओसरीवरून नाही.

घरातून. तिच्या पाठीमागून... दैवशालाच्या झोळीपासून.

मावशी वळली. तिथं कुणी नव्हतं. झोळी मात्र झुलत होती. कुणीतरी मायेनं झोका द्यावा तशी, संथ. लेकरू गाढ झोपलं होतं. कित्येक दिवसांत ते असं झोपलं नव्हतं, आणि मावशीला त्याचीच जास्त धडकी भरली. तिनं पोरगी उचलली आणि आश्रुबा येईपर्यंत बांधावर उन्हात बसून राहिली.

त्या रात्री जेवायची वेळ झाली. कडूबाई पाटावर बसलेल्या. आश्रुबा बाहेर हात धूत होता. मावशी दारात उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"आश्रुबा, जेवायला चला."

कडूबाईंचा हात ताटावरच राहिला.

"जीब झडली का गं तुजी? दाल्ल्याचं नाव घ्यायलीस?"

 मावशी अंगणाकडं कान देऊन उभी होती. आश्रुबा तांब्या हातात धरून तिच्याकडं बघत होता. तो एक शब्द उलटा बोलला असता तर मावशीला त्या घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"आलो," तो म्हणाला. आणि येऊन पाटावर बसला.

अंगणातून काही आलं नाही.

त्या दिवसापासून मावशीनं नवऱ्याला नावानंच हाक मारली. साऱ्या पंचक्रोशीत चर्चा झाली. पाणवठ्यावर बाया तिला "आश्रुबाची मालकीन आली" म्हणून चिडवायच्या. पारावर गडी आश्रुबाला विचारायचे, घरी लुगडं कोण नेसतंय? तो हसून बिडी पेटवायचा. कडूबाई मरेपर्यंत सुनेला बोलत राहिल्या. आश्रुबानं कधी कुणाला कारण सांगितलं नाही, आणि नावाच्या हाकेला ओ द्यायला कधी चुकला नाही. त्या घुम्या माणसाची माया मला इथं दिसते. मावशीलाही दिसली, पण उशिरा.

संक्रांतीला त्यानं तिला माहेरी धाडलं. तिनं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्याला कसं कळलं, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

आश्रुबाकाका गेले गेल्या पावसाळ्यात. म्हातारपणानं, अंथरुणावर. बायका रडताना "आवो, मला टाकून कुटं गेले" म्हणून रडतात. मावशी रडली ती "आश्रुबा, आश्रुबा" म्हणून. आलेल्या बाया एकमेकींकडं बघत होत्या. त्या दुःखातही तिनं तोंड सांभाळलं होतं.

दिवस झाल्यावर पाहुणे पांगले. दैवशाला तिच्या सासरी गेली. मी दोन दिवस मागं राहिलो. मावशीनं तेव्हाच मला हे सगळं सांगितलं. मी म्हणालो, "आता तरी भीती गेली ना?"

"भीती हाय की. पन आता येगळी हाय."

"म्हणजे?"

"आता हाक मारू वाटायलीय, लेकरा." ती अंगणाकडं बघत होती. "ह्यांची ओ बंद झाली. आन ओ देनारं कुनीतरी हाय, हे मला ठावं हाय."

तशी हाक मारायची नाही म्हणून मी तिला शपथ घातली. ती नुसती हं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी ओसरीवर पिशवी भरत होतो. मावशी अंगणात होती, बुजवलेल्या पेवापाशी. आणि मला ऐकू आलं...

"आवो."

मी कानांवर हात दाबले. गच्च दाबले. पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. हात काढले तेव्हा मावशी बोलत होती. हळू आवाजात, मधेमधे थांबून. समोरच्याचं ऐकून घेत बोलतात तशी.

मी बाहेर गेलो. म्हणालो, "मावशी, पिशवी भर. माझ्याबरोबर परभणीला चल. इथं एकटी राहू नकोस."

ती माझ्याकडं बघून हसली. काका गेल्यापासून पहिल्यांदाच.

"घरी मानूस हाय रे," ती म्हणाली. "त्येला टाकून कशी येऊ?"