सुयांची टोकं

मिशाळभाऊचा अख्खा दिवस एका गोल काचेपाशी जायचा. काचेपलीकडच्या टाकीत ग्लुटामिक आम्लाचं गरम द्रावण. हे अमिनो आम्ल मोठं लहरी. मनात आलं तर साखरेसारखे जाड दाणे धरतं, नाहीतर केसाएवढ्या सुया. दाणे झरझर निथळतात. सुयांची मात्र फिल्टरावर गोधडी बसते आणि माल फुकट जातो. म्हणून द्रावण बेताचं निवलं, की आधीच्या दाण्यांची चिमूट टाकायची. कारखान्यात तिला विरजण म्हणत.

मिशाळभाऊचं विरजण कधी फसलं नव्हतं. मग शेजारच्या कारखान्यात सुयांनी उच्छाद मांडला, तो बघायला हे महाशय गेले. उघड्या टाकीत मिशांसकट डोकावले. तेव्हापासून इथेही सुयाच.

"मिशीत सुयांचं बियाणं आणलंत," फिल्टरवाल्या बाई म्हणाल्या. "भादरा ती! घरी लेकीलाही लांब ठेवा. माणूस तरी काय हो, कोमट द्रावणच. हेच आम्ल असतं ना आपल्या आत?"

सगळे हसले. भाऊही हसला. पण डोळ्याला न दिसणारा एक कण पुरतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने मिशी उतरवली, कपडे जाळले. मिशी गेली, नाव राहिलं, सुयाही राहिल्या. रसायनशास्त्र शिकलेला माणूस, स्वतःलाच हसत होता. तरी घरी लेक गळ्यात पडायला आली की मागे सरायचा.

"बाबा, माझ्याशी कट्टी का?"



पुढच्या खेपेला विरजण बाईंनी टाकलं. टाकी बंद. भाऊ दाराबाहेर.

"दाणे! दाणे धरले!" बाई ओरडल्या.

तो हरखून आत आला. काचेपलीकडचं द्रावण गढूळलं. बाईंनी ढवळणी थांबवली. द्रावण निवांत झालं, आणि सुया दिसल्या. सगळ्यांची टोकं त्याच्याकडे.

तो डावीकडे सरकला.

टोकं वळली.

बाईंनी काचेवर फडकं टाकलं. "भाऊ, तुम्ही जा," एवढंच म्हणाल्या. पुन्हा कुणी विनोद केला नाही.

तो घरी गेला नाही. कारखान्याच्या फाटकाजवळच्या खोलीत राहिला, अंग घासघासून सोललं. लेकीशी फोनवरच बोलायचा. ती रडली की फोन ठेवायचा. शेवटी बाई एका काचपात्रात द्रावण घेऊन आल्या, त्याच्या पुढ्यात ठेवून लांब बसल्या. निवता निवता तळाशी दाणे जमले. जाड, स्वच्छ. एकही सुई नाही. त्याने हात फिरवला, वाकून श्वास सोडला. दाणे दाणेच.

"उतरलं हो तुमचं," बाईंनी सुस्कारा सोडला. "जा, पोरीला भेटा."

भर दुपारी तो धावतच घरी पोचला. लेकीने दार उघडलं. त्याने तिला उचललं, घट्ट धरलं, गालाला गाल लावला. ती हसत होती आणि रडतही होती.

खाली ठेवल्यावर तिने डोळे चोळले.

"काय झालं गं?"

"काही नाही."

तो बूट काढायला बाजूला सरकला.

"बाबा," ती म्हणाली, "हलू नका ना."

"का?"

"तुम्ही हललात की आत काहीतरी वळतं."