न थांबणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर थांबल्याचे ऐकून बजरंगने गॅसवर चहा ठेवला. रोजचेच होते. पेरणी थांबवून त्याची बायको शालन या वेळी चहाला यायची. चहा उकळला, ती आली नाही. बजरंग चहा झाकून रानात गेला. ट्रॅक्टर रानाच्या मध्यावर उभा होता आणि शालन बांधावर आडवी पडली होती.

ट्रॅक्टर तिने थांबवलाच नव्हता. तो विनाचालक चालत असला, तरी कायद्याने त्याच्यामागे एक जबाबदार माणूस लागायचा. त्या माणसाच्या मनगटावर नाडीपट्टा असायचा. नाडी थांबली की यंत्र जागच्या जागी थांबायचे. शालन गेल्याचे आधी ट्रॅक्टरला कळले, मग बजरंगला.

तिसऱ्याचा विधी उरकल्यावर त्याने कंपनीला फोन केला. ट्रॅक्टरला दुसऱ्या कुणाची नाडी जोडायची तर वारसाचे कागद लागणार होते. तोवर पेरणीजोगा ओलावा राहणार नव्हता. निम्मे रान मोकळे पडले होते. शालनने कणसे निवडून राखलेले ज्वारीचे बी घरात तसेच होते.

"दाजी, माझा ट्रॅक्टर आणतो की," तिचा भाऊ भारत म्हणाला.

"तुझाबी मनगट धरूनच चालतो. तसला नको मला."

बजरंगने मोहोळच्या भंगारवाल्याकडून बापाच्या काळातला डिझेल ट्रॅक्टर आणला. सुतकात भंगार घेतो म्हणून गावाने नावे ठेवली.

"सीटखाली पिसं हायत," भारत म्हणाला. "ह्याच्यावर कोंबड्याच बसत हुत्या, दाजी."

"बसू दे. पाना दे."

दोघांनी टाकीतला गंज धुतला, फिल्टर बदलला, अडकलेले नोझल मोकळे केले. तरी इंजिन पेटेना. बजरंग पान्याने बॉनेटवर घाव घालू लागला. "पेट की! पेट!" भारतने त्याच्या हातून पाना काढून घेतला आणि डिझेलच्या नळीचा नट ढिला केला. फेस आला. नळीत हवा अडकली होती. धार स्वच्छ होईपर्यंत त्याने हातपंप मारला. या खेपेला इंजिन खोकले, त्याने पांढरा धूर सोडला आणि ते धडधडू लागले.

मागे पेरणीयंत्र जोडल्यावर भारत म्हणाला, "दाजी, मधीच तुम्हाला काय झालं तर ह्यो थांबायचा न्हाई."

"म्हणूनच आणलाय."

भारत मडगार्डवर चढून बसला.

"उतर खाली."

"न्हाई उतरत. कायदा हाय. तुमच्या नाडीवर कुणीतरी ध्यान ठेवाय पाहिजे."

दिवस कलेपर्यंत बी पडत राहिले. मध्यावर शालनचा ट्रॅक्टर तसाच उभा होता. त्याच्या पडद्यावर अजून अक्षरे होती: नाडीची वाट पाहत आहे.

"साखळी लावून बाजूला ओढायचा का?" भारतने विचारले.

बजरंगने इंजिन बंद केले नाही. बराच वेळ तो पडद्याकडे पाहत राहिला. मग वळसा घालून त्याने आपला ट्रॅक्टर घराकडे घेतला.

तिच्या ट्रॅक्टरखालची जमीन पेरायची राहिली.