तुलनेचा तारा मंदावला तेव्हा

ही घटना खरी आहे. मी तिथे नव्हतो, त्यामुळे सांगताना काही निसटेल. पण पदरचं काही घालणार नाही.

माझे काका निवृत्तीनंतर एका लघुग्रहाच्या मागे लागले होते. तो ओबडधोबड दगड स्वतःभोवती फिरतो. रुंद बाजू समोर आली की उजळतो, निमुळती आली की मंदावतो. हा चढउतार मोजला की एका फेरीला लागणारा वेळ कळतो. शेजारचा, कधी न बदलणारा तारा तुलनेला धरायचा, एवढीच मेख.

त्या रात्री तो तुलनेचा ताराच मंदावला.

आकाश निरभ्र होतं. म्हणजे दुर्बिणीसमोरून कुणीतरी गेलं होतं...

काकांचा संशय सरळ मेहुण्यावर. दुर्बीण दोघांची, गच्चीवरच्या खोलीची किल्लीही दोघांकडे. आणि लघुग्रह लांब चाललेला. ही मोजणी फुकट गेली, तर संपलंच; काकांच्या हयातीत तो पुन्हा इतका जवळ येणार नव्हता. मेहुण्याने गळ्याची शपथ घेतली. काकांना ती पटली नाही.

दुसऱ्या रात्री त्यांनी खोलीचं छप्पर सरकवलं, दुर्बिणीवरचा कॅमेरा सुरू केला, दाराला कुलूप घातलं. दोन्ही किल्ल्या स्वतःच्या खिशात. मेहुण्याला खाली स्वयंपाकघरात, संगणकासमोर आपल्या शेजारी बसवलं.

"चोरावर पहारा का, दाजी?" तो हसला.

काका हसले नाहीत.

बराच वेळ पडद्यावरचा प्रकाशाचा आलेख सुरळीत होता. मग...

लघुग्रह मंदावला. तारा मंदावला. चौकटीतले सगळेच तारे मंदावले, आणि परत उजळले.

थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा, तेवढ्याच अंतराने.

कुणीतरी दुर्बिणीभोवती फेऱ्या मारत होतं.

डोक्यावरच्या छतावर पाऊल मात्र वाजत नव्हतं.

मग तारे मंदावले, ते उजळलेच नाहीत...

फेऱ्या थांबल्या होत्या. दुर्बिणीच्या तोंडाशी.

"दाजी," मेहुणा अगदी हळू म्हणाला, "मी इथंच आहे. बघताय ना?"

उजाडल्यावर दोघे वर गेले. कुलूप जसंच्या तसं. आत कुणी नाही.

काकांनी ती मोजणी कुठेच पाठवली नाही. मेहुण्याचं येणंजाणंही तुटलं, कारण ते त्याचंच काम होतं असं काका आजही सांगतात.

तो तर तुमच्या शेजारी बसला होता, असं मी एकदा चाचरत म्हणालो.



"त्याचं नाव घेतो, म्हणून झोप लागते रे," काका म्हणाले. "तो नव्हता म्हटलं, तर मग..."