दिसलं ते लिहा

आमची पहिली भेट खडूवरून झाली. शाळेच्या कपाटात एकच डबा उरला होता. मी हात घातला, तर पलीकडून आणखी एक हात आला. विज्ञानाचे नवे सर.

"तुमची मुलं म्हणे वहीतच लिहितात," ते म्हणाले. "मग खडू कशाला?"

मी डबा छातीशी धरून निघून आले. हसू मात्र वर्गात शिरेपर्यंत दाबता आलं नाही...

तेव्हा मला एकच ध्यास होता, मुलांनी रोज थोडं स्वतःचं लिहावं. दिवसाचा शेवटचा तास मी त्यासाठी मागून घेतला होता. नियम एवढाच, की दिसलं ते लिहायचं, उगाच अक्कल पाजळायची नाही. वह्या मी उघडत नसे. त्यामुळे मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, संशय होता की पोरं नुसती टवाळक्या करतात. एक दिवस येऊन ऐकेन, त्यांनी बजावलं, आणि पटलं नाही तर हा तास विज्ञानाला.

सर तर रोज त्याच वेळी दारात. कधी खडू हवा, कधी डस्टर, कधी नुसतंच, तुमचं घड्याळ बरोबर आहे ना? मला वाटे, माझ्या तासावर डोळा आहे.

मोठ्या बाई आल्या, त्या सरांना घेऊनच. कोण वाचणार, विचारल्यावर चिमणी वहीतलं कालचं पान काढून उभी राहिली. वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी.

"आज सर पुन्हा खडू मागायला आले. त्यांच्या खिशातून खडू डोकावत होता."

मी गारठले. तोवर मागच्या बाकावरचा लंबू सुरू झाला.

"सर यायच्या आधी बाईंनी कपाटाच्या काचेत बघून केस नीट केले. सर आल्यावर बाई रागावल्या. गेल्यावर खिडकीतून बघत राहिल्या."

इतकी वर्षं झाली, अजूनही कान गरम होतात. पायांखालची जमीन सरकली ती पोरांच्या धिटाईने नव्हे. ते खरं होतं, आणि मलाच ठाऊक नव्हतं... वर्गभर हात वर झाले होते. सर खिसा झाकून उभे, कानापर्यंत लाल.

मोठ्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग सरांना विचारलं, तास हवाय ना तुम्हाला?

"नको," सर म्हणाले. "यांच्याकडेच राहू दे. मुलं... अगदी दिसलं तेच लिहितात."

तास चालू ठेवा, मोठ्या बाई जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, पण त्या काचेला पडदा लावा.

घंटा झाली तरी मुलं हलेनात. दटावूनच बाहेर काढली. सर मात्र थांबले. माझ्या हातातला खडू अलगद घेऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं –

'बाई हो म्हणतील का, ते अजून दिसलेलं नाही.'

मी फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्याकडे...

खिडकीबाहेर वह्या सळसळल्या. चिमणीची कुजबुज आली, "लिहा रे... बाई हसल्या."