देवीची उंची

नेरवलीच्या आठवडी बाजारात सुकट-बोंबलाची रांग संपली की भूगोल सुरू व्हायचा. तिथे पत्र्याच्या मांडवाखाली बाजेएवढा एक पाट मांडलेला असे आणि त्यावर रव्यासारखी बारीक करडी माती. कळ दाबली की ती माती आपोआप उठायची. डोंगर डोंगराच्या जागी, नदी नदीच्या, आणि मधोमध नेरवली, हुबेहूब. सरकारी फलकावर त्याचं नाव ‘लोकभूगोल मंच’ असं होतं. ते वाचायचे कष्ट गावाने घेतले नाहीत. गावाच्या तोंडी ती ‘उठती माती’.

कुंदा शिगवण ही मातीवाली. याच गावची लेक, तालुक्याला भूगोल शिकलेली. शाळेत ज्यांनी भूगोलाच्या तासाला झोपा काढल्या ते बाप्ये आता पऱ्ह्याचं पावसाळी पाणी कुठे वळतं यावरून एकमेकांची गचांडी धरत, आणि कुंदाला ते बघून मनातून गुदगुल्या होत.

मातीच्या प्रत्येक कणात डोळ्यांना न दिसणारं लोहचुंबक होतं. पाट उपग्रहाला जमिनीची उंची विचारायचा आणि त्याबरहुकूम कण उभे करायचा. पण उपग्रहाला झाडाचा शेंडा दिसतो, बुंध्याखालची जमीन दिसत नाही. म्हणून पाट बनवणाऱ्यांनी एक सोय ठेवली होती. नकाशा चुकला असं वाटलं, तर गावकऱ्याने हाताने माती सारखी करायची आणि तळवा थोडा वेळ तिथेच ठेवायचा. पाट तळवा ओळखायचा. गावातल्या निम्म्याहून अधिक तळव्यांचं जमलं की दुरुस्ती कायम. मग कोणाही साहेबाला ती मोडायची मुभा नव्हती. नकाशा लोकांचा, ही पहिली अट.

माणूस आपल्या विहिरीला पाणी जास्त दाखवतो आणि शेजाऱ्याच्या बांधाला उतार जास्त, हे कुंदाने पहिल्याच महिन्यात ओळखलं. पण शेजारीही तळवा घेऊन येतोच. दोघांच्या लबाड्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि खाली उरतं ते बहुधा खरं असतं. जमाखर्च चोख बसायचा. सगळं गाव मिळून जी लबाडी करील तिला खाणारी लबाडी आणायची कुठून, हा विचार मात्र कोणी केला नव्हता.

वाघजाईचं देऊळ नदीकडे, दाट देवराईत. तिथल्या झाडांना कोयता लागलेला नाही, त्यामुळे उपग्रहाला तिथलं काही दिसत नसे. पाटाने अंदाजाने देऊळ खालच्या अंगाला मांडलं, आणि वर टेपावर, गावाच्या टेकाडावर, विश्राम घागाचा दुमजली बंगला. विश्राम आखातात राबून आलेला. बंगला बांधताना ‘देवीपेक्षा उंच घर बांधू नये’ या गावरीतीवरून गाव त्याला आधीच टोचत होतं.

“बघा रे, देवी घागाच्या न्हाणीखाली!” कोणीतरी म्हणालं, आणि मांडवात हशा पिकला. पण तो लगेच विरला, कारण आबा पुढे झाले होते.

आबा म्हणजे बाळाराम शिगवण. कुंदाचा बाप आणि देवीचा पहिला मानकरी. शिमग्याला पालखीच्या पुढे चालायचं ते त्यांनी.

“कुंदे, ही तुझी माती देवीला पायरीखाली बसवते?”

“आबा, जमीन तशी असेल तर माती काय करील?”

“जमिनीला देवी ठाऊक आहे. मातीला नाही.”

त्यांनी दोन्ही हातांनी देवराईखालची माती वर ओढली, बंगल्याच्याही वर नेली आणि तिच्यावर तळवा टेकला. मग हौशे आले, नवशे आले. बायका पदर सावरत आल्या. विश्राम घाग मागे उभा होता. सगळ्यांच्या नजरा वळल्या तेव्हा तोही आला आणि त्याने मुकाट हात ठेवला. देवीला नाही म्हणायचं धाडस आखातात राहूनही त्याला जमलं नव्हतं.

कुंदाला उतार ठाऊक होता. लहानपणी देवळाला जाताना धावत जायची आणि येताना दमायची. पण आबांचा चेहरा इतका उजळला होता की ती हसली आणि म्हणाली, “झालं. देवी बसली वर.” एका गावाच्या एका देवळाने पृथ्वीचं काय बिघडणार होतं?

पाट नुसता शोभेचा नव्हता. नदी चढायला लागली की तोच फोनवर बोलायचा आणि प्रत्येकाला जवळच्या उंच जागेची वाट सांगायचा.

त्या श्रावणात नदी अशी चढली की तालुक्याचा पूलच बंद झाला. कुंदा तालुक्याच्या बाजूलाच अडकली. नेरवलीत फोन बोलले. टेपाकडच्यांना त्यांनी बंगल्याकडे पाठवलं. खालच्या वाडीला जवळ पडत होतं देऊळ.

पाणी ओसरल्यावर कुंदा पोचली तेव्हा विश्रामच्या बंगल्यात वाचलेली माणसं दाटीवाटीने बसली होती. विश्राम पेज वाढत होता, कोणाच्याही डोळ्यांत न बघता. शेजारची सुमनकाकी कोपऱ्यात होती. देवराईतल्या एका फांदीला मिठी मारून ती वाचली होती. तिचा नवरा वाचला नव्हता. आबाही नाहीत.

“आबा निघतच नव्हते गो,” काकी म्हणाली. “ओसरीवर उभे राहून ओरडले, देवळात नको, घागाकडे चला. तर सगळी म्हणाली, माती देवळाकडे जा म्हणते. पहिला हात तुमचाच ना?”

“मग?”

“माझ्याकडे बघितलं. छत्री उघडली नि चालायला लागले. सगळ्यांच्या पुढे.”

“ठाऊक असताना? पुढे?”

“मानकरी ना बाय. मागून कसे चालतील?”

कुंदा रडली नाही. तिने काकीच्या पदराला चिकटलेला चिखल नखाने खरवडायला घेतला आणि तो निघाला तरी खरवडत राहिली.

उन्हाळ्यात जिल्ह्याहून दाभाडेसाहेब आले. देऊळ अजून पाटावर उंचच होतं. वाचलेल्यांना आता खरं काय ते ठाऊक होतं, पण फोनला नव्हतं, आणि पावसात वाट चुकलेला परगावचा माणूस फोनलाच विचारतो.

“मृगाच्या आत हे उतरवायला हवं,” साहेब म्हणाले.

“उतरवा की.”

“मला मुभा नाही. ज्यांचे तळवे, त्यांनीच मागे घ्यायचे. आणि बहुतेक तळवे...” साहेबांनी फायलीतल्या मृतांच्या यादीवर बोट ठेवलं. “वारसाला घेता येतात. गावासमोर, नाव घेऊन.”

गाव मांडवात जमलं. जिवंतांनी आपापले तळवे मागे घेतले. विश्रामने पहिला. टेकडी कणभरही हलली नाही. जे देवळात गेले होते त्यांचे हात अजून खालून तिला उचलून धरत होते, आणि त्यांची संख्या जास्त होती.

“काकी,” कुंदा म्हणाली, “काकांचा तळवा...”

“नको गो.” सुमनकाकीने हात पदरात लपवले. “हयातीत त्या माणसाला कोणी खोटं म्हटलं नाही. आता जळून राख झाल्यावर बायकोनेच चार लोकांत म्हणायचं?”

मागे दहा-बारा माना हलल्या. ज्याच्या त्याच्या घरात फोटोला ताजा हार होता. एकेक जण चपला शोधायला लागला.

कुंदाने पाटावर हात ठेवला. पाट त्याच्या सपाट, सुशिक्षित आवाजात बोलला, “बाळाराम शिगवण यांनी केलेली दुरुस्ती चुकीची होती. मान्य?”

कुंदाने तळवा मातीत आणखी रुतवला.

“मान्य,” ती म्हणाली.

टेकडी होती तिथेच राहिली. एका माणसाच्या खरं बोलण्याने डोंगर कधी उतरले आहेत? कुंदाने हात उचलला नाही. ती वळली. गाल ओले होते, पण आवाज आबांचाच होता, पालखीपुढे वाट मोकळी करणारा.

“काकी, माझ्या बापाला मी खोटं म्हटलं. सगळ्यांच्या पुढे चालला होता तो, आणि तुमची सगळ्यांची माणसं त्याच्या मागे होती. आता इथे त्याला एकट्यालाच खोटा ठेवायचा का?”